शंभरातला शंभरावा

फुटबॉलपटूची खरी किंमत जाणून घ्यायची असेल तर त्याची विजार धुवावी.

हे मी हवेत बोलत नाही. बेलवॉटर कॉलेजच्या धुलाईघरात मी छत्तीस वर्षं काढली, आणि त्याआधी शिकत असताना फीला हातभार म्हणून दोन वर्षं, ती वेगळीच. शनिवारी मॅच झाली की सोमवारी सकाळी माझ्यापुढे पांढऱ्या विजारींचा डोंगर. गुडघे हिरवे असले की समजायचं, गडी कामाचा आहे. बूड हिरवं असलं की समजायचं, याला दुसऱ्यांनी लोळवला. आणि जी विजार जशी दिली तशीच परत आली, ती कोणाची हे आतलं नाव न वाचताही सांगता यायचं. रविवारच्या पेपरात त्याचाच फोटो असायचा.

आमच्या संघाचं नाव साळिंदर. खेळ अमेरिकन फुटबॉल, म्हणजे चेंडू हातात आणि माणसं जमिनीवर. नेब्रास्कात सगळ्यांनी लांडगे, अस्वलं, गरुड आधीच घेऊन टाकल्यावर आमच्या वाट्याला हेच उरलं होतं. तर या साळिंदरांना गेल्या वर्षी शंभर वर्षं झाली, आणि कॉलेजनं ठरवलं की शंभर वर्षांतल्या शंभर थोर खेळाडूंची क्रमवार यादी करायची. त्यासाठी तिघांची समिती नेमली. एक गस पीटरसन, आमच्या रेडिओवर मॅचचं वर्णन करतो. आवाज एवढा की माइक केवळ रिवाज म्हणून ठेवलेला. दुसऱ्या ओपल ब्रांटबाई, वय अठ्ठ्याऐंशी, चाळीस वर्षं इतिहास शिकवला, आणि १९४८पासूनच्या प्रत्येक मॅचची आकडेवारी त्यांच्या वह्यांत आहे. तिसरी मी. मला का घेतलं ते कुणी सांगितलं नाही. बहुधा मला घेतलं नाही तर मी काय बोलेन, याची भीती.

दर गुरुवारी सकाळी विल्माच्या बेकरीत बैठक. पहिला नंबर सात मिनिटांत ठरला, कारण तो माणूस १९५८ साली वारलेला. मेलेल्या माणसाबद्दल आमच्या गावात मतभेद होत नाहीत. दुसराही वारलेलाच होता. तिसरा नंबर रॉजर लिंडक्विस्ट. हा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा नवरदेव. चेंडू फेकण्याचे आमचे सगळे विक्रम त्याच्या नावावर, आणि हल्ली हमरस्त्यावर त्याची गाड्यांची शोरूम आहे. जिवंतांत पहिला. त्याच्या विजारीबद्दल मी काही बोलणार नाही. इस्त्रीचा खर्च वाचला, एवढंच म्हणेन.

खरी मारामारी पंचविसाव्या नंबरावर आली. ऑक्टोबरात जुने विद्यार्थी गावात परत येतात त्या शनिवारी मिरवणूक निघते, आणि त्या वर्षी ठरलं होतं की पहिले पंचवीस रॉजरच्या शोरूममधल्या उघड्या मोटारींतून, आणि उरलेले पंचाहत्तर वाळल्या गवताच्या गाडीवर. म्हणजे पंचविसावा मऊ गादीवर आणि सव्विसाव्याच्या बुडाला काड्या. या एका जागेवर तीन गुरुवार गेले.

"हा नको," बाई म्हणायच्या. "यानं सत्तावन्न साली यादवी युद्धाच्या पेपरात कॉपी केली होती."

"बाई, पण त्यानं एका मॅचमध्ये पाच टचडाउन केले!"

"ते स्वतःचे केले असतील कशावरून?"

गसची तऱ्हा निराळी. ज्याचं नाव रेडिओवर खणखणीत वाजतं तो थोर. आणि मी म्हणायची, "गुडघे! गुडघे सांगा त्याचे!" विल्मा मधूनमधून कॉफी ओतून जायची आणि आमच्याकडे कीव केल्यासारखं बघायची.

आता मुद्द्याचं सांगते. त्या यादीत माझ्या नवऱ्याचं नाव नव्हतं.

माझा नवरा वेंडेल कोवार. तीन वर्षं संघाचा सेंटर. सेंटर म्हणजे जो प्रत्येक वेळी वाकतो, दोन पायांमधून चेंडू मागे देतो, आणि डोकं वर काढायच्या आत समोरचा बैल त्याच्या अंगावर आलेला असतो. चेंडू नीट गेला तर सेंटरकडे कुणी बघत नाही. नीट गेला नाही तरच बघतात. ब्रांटबाईंच्या वहीप्रमाणे वेंडेलनं दोन हजार एकशे अठ्ठेचाळीस वेळा चेंडू मागे दिला. त्यातला एक उंच गेला.

तेरा नोव्हेंबर १९७१. समोर क्रेल कॉलेज, ज्यांचं नाव आमच्या घरात जेवताना घेत नाहीत. आम्ही तेरा, ते बारा, शेवटचं मिनिट. चेंडू आमच्याच गोलरेषेला चिकटलेला, म्हणून रॉजर मागे गोलात उभा, त्यानं चेंडू लाथेनं लांब उडवायचा, एवढंच काम उरलेलं. वेंडेल वाकला, चेंडू दिला, आणि चेंडू रॉजरच्या डोक्यावरून जो गेला तो थेट मागे बसलेल्या बँडच्या ढोलावर आपटला. मैदानाबाहेर! आपल्याच गोलामागून चेंडू असा बाहेर गेला की नियमानं समोरच्याला, म्हणजे क्रेलला, दोन गुण. चौदा-तेरा. त्यानंतर एकोणीस वर्षं आम्ही क्रेलला हरवू शकलो नाही, आणि त्या प्रत्येक वर्षाचं खापर वेंडेलच्या माथी फुटलं.

तेव्हापासून गावात एक विनोद आहे. चर्चच्या जेवणात वेंडेलनं बटाट्यांचं भांडं पुढे केलं की कुणीतरी ओरडणारच, "डोकं सांभाळा!" तो तीस वर्षं शाळेची बस चालवत होता, पोरं चढताना म्हणायची, "डोकं सांभाळा, मिस्टर कोवार!" ज्यांचा जन्म त्या मॅचनंतर वीस वर्षांनी झाला ती पोरं. आमची मुलगी झाली आणि वेंडेलनं तिला पहिल्यांदा हातात घेऊन परत दिलं, तेव्हा डॉक्टर नर्सला म्हणाला, "डोकं सांभाळा!" मी बाजेवरून उठू शकले असते तर त्या डॉक्टरचं डोकं त्यालाच सांभाळावं लागलं असतं.

वेंडेल दर वेळी हसतो. मी कधी हसले नाही, आणि त्याला कारण आहे.

तो ढोल ज्या बँडमध्ये होता त्याच बँडमध्ये मी झांजा वाजवायची. वीस वर्षांची, डोक्यावर तुऱ्याची उंच टोपी, आणि मनात रॉजर लिंडक्विस्ट. त्या गुरुवारी खानावळीच्या रांगेत तो मला म्हणाला होता, "टोपी छान आहे." तीन शब्द, पण मी दोन दिवस उपाशी. आपल्या संघाकडे चेंडू असताना बँडनं वाजवायचं नाही, असा कडक नियम. पण रॉजर येऊन उभा राहिला तो माझ्यापुढे पंधरा पावलांवर, पाठमोरा. मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. मी झांजा आपटल्या आणि ओरडले, "रॉजर!"

त्यानं मागे वळून बघितलं. आणि तेवढ्यात चेंडू आला.

सगळे बघत होते चेंडूकडे. रॉजर वळला होता हे मी पाहिलं, आणि दुसऱ्या कुणी पाहिलं असेल तर बोललं नाही. मीही बोलले नाही. चौथ्या दिवशी खसखशीचे कोलाचे, म्हणजे गोड सारणाचे छोटे पाव, भाजून वेंडेलच्या खोलीवर घेऊन गेले, कारण चोराच्या मनात चांदणं. त्यानं खाली मान घालून अकरा खाल्ले. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मला वाटलं, किती दुखावलाय बिचारा. मग मी दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेले. मग तिसऱ्या. दीड वर्षानं आमचं लग्न झालं. लोक प्रेमानं लग्न करतात, मी कोलाचेंनी सुरुवात केली आणि प्रेम मागून आलं. आलं मात्र भरपूर.

आता म्हणाल, मग बावन्न वर्षं गप्प का बसलीस? आधी भीती वाटली. नंतर लाज. आणि मग इतकी वर्षं झाली की सांगायचं म्हटलं तर न सांगितल्याचीही माफी मागावी लागणार. शिवाय वेंडेल म्हणायचा, जाऊ दे, जुनी गोष्ट आहे. मीही म्हणायची, खरंच, जाऊ दे.

पण यादीचं काम सुरू झालं त्या आठवड्यात मी गॅरेजमध्ये गेले, तर हा बाबा आरशापुढे उभा. अंगात संघातलं जुनं लोकरीचं जॅकेट, छातीवर कॉलेजचं मोठं निळं अक्षर. पोट आत ओढून बटण लावायची खटपट चाललेली. मला बघून दचकला.

"कसर लागलीय का बघत होतो," तो म्हणाला.

"अंगात घालून?"

"आतून बघायला लागतं."

मी स्वयंपाकघरात येऊन नळ सोडला आणि पाच मिनिटं एकच कप धुतला. मिरवणूक आमच्या दारावरून जाते. दर वर्षी हा फुटपाथवर घडीची खुर्ची टाकून बसतो आणि गाड्यांकडे बघून हात हलवतो. या वेळी याच्या बरोबरीचे सगळे वर असणार आणि हा खाली खुर्चीत. ते मला बघवणार नव्हतं.

यादी सत्त्याण्णवपर्यंत आली तेव्हा गसनं शक्कल काढली. "शेवटचे तीन नंबर आपल्या तिघांच्या मर्जीचे. मत नाही, वाद नाही. फक्त आपण का निवडला ते शनिवारी सकाळी माझ्या कार्यक्रमात स्वतःच्या तोंडानं सांगायचं."

ब्रांटबाईंनी अठ्ठ्याण्णवावा म्हणून एका राखीव खेळाडूला घेतलं, जो कधी मैदानात उतरला नाही, पण ज्यानं वाचनालयाची सगळी पुस्तकं वेळेवर परत केली होती. गसनं नव्याण्णवावा निवडला बार्थोलोम्यू झिंक. हा पहिल्याच मॅचला बसमधून उतरताना पाय मोडून बसला. "पण नाव बघा!" गस म्हणाला. "बार्थोलोम्यू झिंक! हे नाव मला एकदा तरी हवेत सोडायचंय."

"आणि तुमचा, मिसेस कोवार?"

"वेंडेल," मी म्हटलं.

दोघंही कॉफीत बघू लागले. गस हळूच म्हणाला, "बायको म्हणून, हे कारण चालणार नाही हं."

"कारण आहे माझ्याकडे," मी म्हटलं. "तू माइक तेवढा चालू ठेव."

तोंडातून निघून गेलं खरं, पण घरी येईपर्यंत मी स्वतःलाच शिव्या घालत होते. उचलली जीभ, लावली टाळ्याला! वेंडेलला सांगायचं धाडस झालं नाही. मग वाटलं, निदान रॉजरनं साक्ष द्यावी. मी मागे वळलो होतो, एवढं एक वाक्य त्यानं म्हटलं तर अर्धं ओझं त्याच्या खांद्यावर. म्हणून शुक्रवारी मी त्याच्या शोरूममध्ये गेले.

रॉजर पंचाहत्तरीला आलाय. दात त्याचे स्वतःचे आहेत की बसवलेले, यावर गावात दोन तट आहेत. ते सगळे दाखवत तो उठला. "लॉर्ना! गाडी बदलायची वेळ झाली ना?"

"रॉजर, क्रेलच्या मॅचला तू मागे वळून बघितलंस."

"कुठल्या मॅचला?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस."

त्यानं केबिनचं दार लोटलं. "बघितलं असेल. क्षणभर. कुणीतरी मूर्खानं मागून झांजा बडवल्या. मला वाटलं खेळ थांबवला की काय."

"कुणीतरी?"

"होता बँडमधला कुणीतरी. लठ्ठसा पोरगा होता, मला वाटतं."

मी खुर्चीत बसले. बावन्न वर्षं! बावन्न वर्षं मी मनाशी धरून बसले होते की माझ्या एका हाकेनं एका वीराच्या काळजाचा ठोका चुकला आणि कॉलेजचं वाटोळं झालं. पापच होतं, पण त्यात थोडी ऐट होती, खोटं कशाला बोलू. आणि हा म्हणतो लठ्ठसा पोरगा. माझं वजन तेव्हा एकशे दहा पौंड होतं, तेही टोपीसकट.

"ती मी होते, रॉजर."

"तू?" त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे मॅच तू घालवलीस!"

"मी घालवली. तू घालवलीस. वेंडेलनं नाही. हे उद्या मी रेडिओवर सांगणार आहे, आणि तूही सांगावंस."

"अगं बाई, कसं सांगू? किती वर्षं जेवणाच्या कार्यक्रमांत मी हीच गोष्ट सांगतोय. लोकांना पाठ झालीय. चेंडू माझ्या डोक्यावरून आठ फूट..."

"मागच्या वर्षी सहा होते."

"दर वर्षी थोडा चढतो," रॉजर जरा ओशाळून म्हणाला. मग खिडकीबाहेर बघत त्यानं विचारलं, "वेंडेलला विचारलंस का?"

मी उठले. येताना दार जरा जोरात लागलं.

शनिवारी सकाळी निघताना वेंडेल गॅरेजमध्ये शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र उघडून बसला होता. रेडिओ त्याच्या डोक्याशी फळीवर. तो बंद करून जावं, असंही माझ्या मनात आलं.

स्टुडिओ म्हणजे दाणागोट्याच्या दुकानावरची एक खोली. ब्रांटबाई वही घेऊन बसलेल्या. गसनं "बार्थोलोम्यू झिंक" असं काही सोडलं की खालची कबुतरं उडाली. मग त्यानं माझ्याकडे बोट केलं.

मी सगळं सांगितलं. टोपी, रांग, तीन शब्द, झांजा, हाक. रॉजरनं मागे वळून बघितलं तेही सांगितलं. "तो चेंडू पकडणाऱ्याचं लक्ष नव्हतं," मी म्हटलं, "आणि ते मी घालवलं होतं. वेंडेल कोवारनं बावन्न वर्षं माझा मार खाल्ला. गावातल्या प्रत्येकानं जो विनोद केला तो माझ्यावर करायला हवा होता. आता करा." गसचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता, हे रेडिओच्या इतिहासात पहिल्यांदा घडत होतं.

फोनचा दिवा लुकलुकला. पहिला फोन क्रेलहून. "बाईंना सांगा, आमच्याकडे त्यांचा पुतळा उभारायचा विचार चाललाय." गसनं ठेवून दिला. दुसरा आमच्या चर्चच्या मिसेस द्वोरझाकचा. अठ्ठ्याऐंशी साली वेंडेलच्या हातून त्यांच्या मांडीवर रस्सा सांडला होता, तोही मीच केला होता का, असं त्यांना विचारायचं होतं.

तिसरा फोन आला. पलीकडे कुणीतरी घसा खाकरला, आणि त्या एका खाकरण्यावरून मी ओळखलं. लग्न झाल्यापासून वेंडेलनं आपणहून कुणाला फोन केलेला मला आठवत नाही.

"गस, मी वेंडेल कोवार. लॉर्नाचा नवरा."

"ओळखलं, वेंडेल. बोला."

"लॉर्ना खोटं बोलत नाहीये. पण तिला अर्धंच ठाऊक आहे."

मी टेबलाची कड धरली.

"सेंटर वाकतो ना," वेंडेल सांगू लागला, सावकाश, बसच्या थांब्यांची नावं सांगितल्यासारखा. "दोन पायांमधून मागे बघतो. त्याला सगळं उलटं दिसतं. माणसं डोक्यावर उभी. सवय होते. मी रॉजरकडे बघत होतो, आणि रॉजर एकदम वळला. मग मला वाटलं, हा माझा चेंडू सोडून बघतोय तरी काय. म्हणून मीही बघितलं."

"आणि?"

"आणि त्याच्या मागे एक मुलगी होती. डोक्यावर उभी. टोपीचा तुरा खाली, हातात झांजा, आणि तोंड एवढं उघडं. मी म्हटलं, हिला एकदा सुलट बघायला हवं." तो थांबला. "एवढं म्हणेपर्यंत चेंडू हातातून गेला होता. उंच गेला तो माझ्याकडूनच. रॉजर समोर बघत असता तरी त्याच्या हाताला लागला नसता."

ब्रांटबाईंनी वहीचं नवं पान उघडलं.

"ती कोलाचे घेऊन आली तेव्हा दार उघडताच मी ओळखलं. मग वर बघायची हिंमत झाली नाही. गस, माझं नाव यादीतून काढा. चूक माझीच होती. लोक डोकं सांभाळा म्हणतात त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. ते म्हणतात तेव्हा मला तेच दिसतं, झांजा आणि ते तोंड. म्हणून मी हसतो."

मला रडू फुटलं, आणि त्याच्या पाठोपाठ राग आला. मी गसचा माइक ओढला. "वेंडेल! बावन्न वर्षं तू मला हे सांगितलं नाहीस?"

"तूही नाही सांगितलंस."

"मी अपराधी होते!"

"मग मी कोण होतो?"

"आणि मग जॅकेट कशाला घातलं होतंस?"

सगळं गाव ऐकतंय हे त्याला तेव्हा आठवलं असावं. "बघत होतो," तो म्हणाला, "तू कधी समितीत माझं नाव घेशील का."

"घेतलंय," मी म्हटलं. "आता ते खोडायचा तुला काही अधिकार नाही. समितीत मी आहे, तू नाहीस. फोन ठेव आणि ते यंत्र जोडून टाक."

ब्रांटबाईंनी चष्मा पुसला आणि वहीत लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं. "नंबर शंभर. वेंडेल कोवार, सेंटर. दोन हजार एकशे सत्तेचाळीस चेंडू अचूक. एक, बघण्यासारखं काही दिसल्यामुळे, उंच." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दोन साक्षी जुळल्या की इतिहास होतो, मुली." बहात्तराव्या वर्षी मला मुली म्हणणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

मिरवणुकीत मानाच्या नंबरांच्या मोटारी शेवटी असतात. पहिले दोघं वारलेले, त्यामुळे सगळ्यात मागची मोटार रॉजरची, आणि तिच्या पाठीमागे वरातीमागून घोडं तशी गवताची गाडी. वेंडेल अगदी पुढच्या पेंढीवर बसला होता. जॅकेट मी शिवणीत उसवून दोन बोटं वाढवलं होतं. बटण लागलं, फक्त त्यानं फार खोल श्वास घ्यायचा नव्हता. खरं तर माझी जागा गाडीवर नव्हती, पण कॉलेजच्या बँडच्या कपाटातून झांजा काढून आणल्या होत्या, आणि झांजावालीला कुणी खाली उतर म्हणेना.

आमच्या दारापाशी गाडी आली. फुटपाथवरून शंभर तोंडांनी एकच गजर झाला, "डोकं सांभाळा!" वेंडेल हसला. आयुष्यात पहिल्यांदा मीही हसले.

"वाजव," तो म्हणाला.

मी उभी राहिले आणि होत्या नव्हत्या त्या ताकदीनं झांजा आपटल्या. "रॉजर!" मी ओरडले.

पुढच्या मोटारीत रॉजर लिंडक्विस्टनं झटकन मागे वळून बघितलं. सगळी गल्ली खिदळली. त्यानं कपाळावर हात मारला, आणि तेव्हा मला कळलं की दात बसवलेलेच आहेत, कारण एवढं हसताना त्यानं एक हात जबड्याला लावून धरला होता.

वेंडेलचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला, गवतात पाय फाकवले, आणि त्र्याहत्तराव्या वर्षी सावकाश खाली वाकला. जॅकेटचं बटण उडून रस्त्यावर पडलं. दोन पायांमधून त्याचा लालबुंद चेहरा माझ्याकडे बघत होता, उलटा.

"काय बघतोयस?" मी विचारलं.

"तीच आहे," तो म्हणाला. "अगदी तीच."

मग त्याची कंबर धरली, आणि त्याला सुलटा करायला नंबर एकोणनव्वद, नंबर त्र्याण्णव आणि मी, असे तिघं लागलो.